केसरीचे पहिले संपादक आगरकर यांनी वाक्याचे तुकडे कसे पाडायचे यावर अख्खं पुस्तक लिहिलं होतं

शाळेत मराठीच्या तासाला वाक्याचे दोन भाग पाडायला लावायचे, आठवतंय? एक उद्देश्य, दुसरं विधेय. बहुतेकांनी ते मार्कांपुरतं पाठ केलं आणि पेपर झाल्यावर सोडून दिलं.

पण गोपाळ गणेश आगरकर यांच्यासारख्या माणसाला हा विषय पुस्तक लिहिण्याइतका महत्त्वाचा वाटला होता. 1888 साली त्यांचं ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हे पुस्तक आलं.

आगरकरांचा जन्म 14 जुलै 1856 चा, कराडजवळच्या टेंभू गावातला. घरची गरिबी. शिक्षणासाठी कराड, रत्नागिरी, अकोला असं फिरत ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोचले. एम.ए. झाल्यावर मोठ्या पगाराची सरकारी नोकरी मिळाली असती, पण त्यांनी न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवायचं ठरवलं. 1881 मध्ये ते केसरीचे पहिले संपादक झाले. पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात टिळकांसोबत 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात राहिले.

मिल आणि स्पेन्सर हे त्यांचे आवडते विचारवंत. मिल यांनी तर तर्कशास्त्रावर मोठा ग्रंथच लिहिलेला. एखादं विधान कशाचं बनतं, हा प्रश्न त्यात सुरुवातीलाच येतो.

आता विधेय म्हणजे काय, ते एका साध्या वाक्यात पाहू.

‘पुसेगाव हिंगोली जिल्ह्यात आहे.’

कशाबद्दल बोललं गेलं? पुसेगावबद्दल. हे उद्देश्य. त्याच्याबद्दल काय सांगितलं? हिंगोली जिल्ह्यात आहे. हे विधेय. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य पूर्ण झालं आणि त्याचं काम संपलं.

जुनं तर्कशास्त्र याच वाक्याचे तीन भाग करतं. त्यात ‘आहे’ हा शब्द विधेयातून वेगळा निघतो, कारण तो दोन पदांना जोडतो. मग पुढचा प्रश्न येतो, जे सांगितलं ते त्या उद्देश्याला खरंच लागू पडतं का?

कुणी म्हणेल, पुसेगाव तर सातारा जिल्ह्यात आहे. तोही खोटं बोलत नाही. खटाव तालुक्यातही एक पुसेगाव आहे. नाव एक, गावं दोन. आपण कुठल्या पुसेगावबद्दल बोलतोय हे आधी ठरलं नाही, तर दोघं रात्रभर भांडतील आणि दोघंही बरोबर असतील.

गावाच्या नावावरून झालेलं भांडण हसण्यावारी जातं. माणसांबद्दलची विधानं तशी जात नाहीत.

आगरकरांच्या काळात शिकलेल्या बायका बिघडतात, असं सर्रास म्हटलं जायचं. व्याकरणात हे वाक्य चोख आहे. तर्काने तपासलं की प्रश्न सुरू होतात. सगळ्या शिकलेल्या बायका की काही? बिघडणं म्हणजे नेमकं काय? आणि तेच पुरुषाने केलं तर त्याला काय म्हणायचं?

टिळकांशी मतभेद झाल्यावर आगरकरांनी 1887 मध्ये केसरी सोडला आणि 1888 मध्ये, म्हणजे वाक्यमीमांसेच्याच वर्षी, ‘सुधारक’ सुरू केला. मुलामुलींना एकच शिक्षण द्यावं आणि तेही एकत्र द्यावं, असं त्यांनी लिहिलं. विधवांचं केशवपन, बालविवाह, सोवळंओवळं यांच्या बाजूने होणारी विधानं ते अशीच एकेक करून तपासत. रूढी आहे म्हणून ती योग्य आहे, हे त्यांना मान्य नव्हतं. ‘जुनी’ हे एक विधेय झालं आणि ‘योग्य’ हे दुसरं. पहिलं लागू पडलं म्हणून दुसरं आपोआप लागू पडत नाही.

याची किंमत त्यांना मोजावी लागली. सनातनी मंडळींनी जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. 1892 मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले, पण दम्याने शरीर पोखरलं होतं. 17 जून 1895 रोजी ते गेले. वय होतं अवघं 38.

आज मोबाईलवर एखाद्या जातीबद्दल, गावाबद्दल, बायकांबद्दल मेसेज येतो. तो पुढे पाठवण्याआधी त्याचे दोन तुकडे पाडून पाहा. कुणाबद्दल बोललंय आणि काय बोललंय? सगळ्यांबद्दल की काहींबद्दल? बरेच मेसेज तिथंच अडकतात.