ताराबाईंचे अंगण आणि बालशिक्षिकेचे मोल

केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्राला 'अंगणवाडी' हे नाव मिळाले. ज्या विदुषीने बालशिक्षण शाळेच्या इमारतीतून उचलून घरापुढच्या अंगणात नेले, त्या ताराबाई मोडक ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, म्हणजे जेमतेम दोन वर्षे आधी निवर्तल्या होत्या. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीच्या समुद्रकाठी वाढलेली कल्पना देशाच्या कारभारात आली, ही महाराष्ट्राला भूषणावह गोष्ट खरीच. मात्र त्या कल्पनेचा कोणता भाग दिल्लीपर्यंत पोहोचला आणि कोणता बोर्डीतच राहिला, याचा हिशेब फारसा कोणी मांडलेला नाही.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते असल्याने मुलीचे शिक्षण हा त्या घरात वादाचा विषय नव्हता. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याच असत. पुढे अमरावतीचे वकील कृ. वि. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला, पण तो संसार टिकला नाही आणि १९२१ च्या सुमारास त्या स्वतंत्र झाल्या. पोटासाठी व मानासाठी नोकरी करणे भाग होते. ती त्यांना राजकोट येथे, स्त्री-शिक्षिका घडविणाऱ्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात मिळाली, आणि तीही प्राचार्यपदाची. त्यांचा शिक्षणक्षेत्रातील खरा प्रवेश हा असा शिक्षिकांच्या शिक्षणातून झाला. चरित्रकार हा तपशील एका ओळीत उरकतात, पण पुढच्या पन्नास वर्षांचा धागा तेथूनच सुरू होतो.

राजकोटहून भावनगर फार दूर नाही. तेथे नानाभाई भट्ट यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका या वकिली सोडलेल्या गृहस्थाने १९२० मध्ये बालमंदिर उघडले होते. रोमच्या सान लोरेंझो या दरिद्री वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली पहिले बालगृह काढले, त्याचा लौकिक तोवर जगभर झाला होता. गिजुभाईंनी माँटेसरींचे ग्रंथ वाचून ती पद्धती काठियावाडी घरात रुजविण्याचा उद्योग मांडला होता. १९२३ मध्ये ताराबाईंनी राजकोटची स्थिर नोकरी सोडली आणि त्या भावनगरला गेल्या. एका पदवीधर बाईने प्राचार्यपद सोडून अडीच-तीन वर्षांच्या पोरांत जाऊन बसावे, हे त्या वेळच्या शहाण्यासुरत्या लोकांना कसे वाटले असेल, याची कल्पना करता येते. प्रतिष्ठेची आपली उतरंड आजही तशीच आहे: महाविद्यालय वर आणि बालवाडी तळाशी.

भावनगरच्या नऊ वर्षांत ताराबाई गुजराती शिकल्या, त्या भाषेत त्यांनी लेखन केले, आणि १९२६ साली गिजुभाईंबरोबर नूतन बालशिक्षण संघाची उभारणी केली. बालमंदिराच्या जोडीला शिक्षक घडविणारे अध्यापन मंदिर आणि विचारांच्या देवघेवीसाठी शिक्षण-पत्रिका, अशी ही तिहेरी बांधणी होती. मूल शिकते तेथेच शिक्षिका घडते. जी घडून खेड्यापाड्यांत जाते, तिला एकटे पडू न देण्याचे काम पत्रिका व संघ करतात. १९३३ पासून ताराबाईंनी मराठी शिक्षण-पत्रिकेची धुरा वाहिली. १९३६ मध्ये त्यांनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केले, आणि तेथेही बालमंदिराशेजारी अध्यापन मंदिर आलेच. धंदेशिक्षण, व्यवसायबंधूंची संघटना आणि नियतकालिक ही सामग्री डॉक्टर-वकिलांच्या पेशाला असते. बालशिक्षिकेलाही ती असली पाहिजे, हे ताराबाईंनी बोलून नव्हे तर उभे करून दाखविले.

१९३९ साली खुद्द माँटेसरीबाई हिंदुस्थानात आल्या. युद्धामुळे त्यांचा मुक्काम १९४६ पर्यंत लांबला, आणि अड्यार, कोडाईकनाल वगैरे ठिकाणी त्यांनी शेकडो भारतीय शिक्षकांना शिकविले. त्यांच्या पद्धतीत साधनांचे शास्त्र काटेकोर. दट्ट्या चुकीच्या खाचेत गेला तर तो बसतच नाही. चूक साधनच दाखविते, शिक्षिकेने तोंड उघडण्याची गरज नाही. परंतु अशी साधने मापात घडवावी लागतात आणि म्हणून ती महाग पडतात. दादरच्या मध्यमवर्गाला ती कशीबशी परवडत. खेड्याचे काय, हा प्रश्न ताराबाईंना सुटत नव्हता.

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ च्या अखेरीस, त्या प्रश्नासह त्या बोर्डीस गेल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. ते वर्ष लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी त्याच टापूत, तलासरी-डहाणूच्या वारली पाड्यांत, परुळेकर दांपत्याच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला होता. ताराबाईंचा मार्ग निराळा होता, पण दारिद्र्य तेच होते. पुण्याहून आलेल्या अनुताई वाघ या पस्तिशीतल्या शिक्षिका त्यांना येथे येऊन मिळाल्या आणि मग जन्मभर तेथेच राहिल्या.

गावात बालवाडी उघडली, परंतु वाड्या-पाड्यांवरची मुले तिच्याकडे फिरकेनात. आईबाप पहाटेच मजुरीला जात. थोरले भावंड धाकट्याला कडेवर घेई किंवा गुरे राखी. अशा मुलाला शाळेत आणून कोण सोडणार? तेव्हा बालवाडीच उठली आणि हरिजनवाड्यात व आदिवासी पाड्यात कोणाच्या तरी अंगणात जाऊन बसली. पहिला धडा अक्षरांचा नसून पाण्याचा होता: तोंड धुणे, आंघोळ, केस विंचरणे, नखे काढणे. साधनांसाठी मुंबईकडे पाहण्याची आवश्यकता उरली नाही. समुद्राने शिंपले दिले, ओढ्याने गोटे दिले, झाडांनी बिया व पाने दिली. बांबू व माती हाताशी होतीच. लहानमोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत हे सारे भेद त्यांत सापडतात, आणि मोजणीला चिंचोके पुरतात.

येथे अर्थशास्त्राच्या अंगाने एक गोष्ट पाहिली पाहिजे. ताराबाईंनी बालशिक्षण स्वस्त केले, असे नेहमी म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. त्यांनी भांडवल स्वस्त केले. श्रम मात्र त्यामुळे अधिक कुशल हवे झाले. माँटेसरीचा दट्ट्या स्वतःच चूक दाखवितो. शिंपला तसे काही करीत नाही. मूल शिंपल्यांची ओळ लावते तेव्हा ते क्रम शोधीत आहे की नुसते रमले आहे, त्याला आता पुढचे काय द्यावे आणि कधी गप्प बसावे, हे सारे शिक्षिकेच्या डोक्यात असावे लागते. लाकडी साधनातील शास्त्र काढून घेतले की ते माणसात घालावे लागते. बोर्डीलाही अध्यापन मंदिर चालले, कार्यकर्त्यांचे वर्ग भरत राहिले, त्यामागील हिशेब हाच होता.

जगाचा अनुभव याहून वेगळा नाही. बोर्डीचे काम सुरू झाले त्याच १९४५ साली इटलीतील रेज्जो एमिलियाजवळच्या एका खेड्यात, जर्मनांनी टाकून दिलेला रणगाडा, काही ट्रक व घोडे विकून आलेल्या पैशांत पालकांनी बालशाळा बांधली. तिच्यातून निघालेल्या कार्याचे नाव आज जगभर घेतले जाते, ते शिक्षिकांनी मुलांचे निरीक्षण टिपून ठेवावे व त्यावर एकत्र बसून चर्चा करावी, या शिस्तीमुळे. अमेरिकेत मिशिगन राज्यात १९६२ ते १९६७ या काळात १२३ गरीब मुलांवर एक प्रयोग झाला. त्यांपैकी ५८ मुलांना बालशाळा मिळाली, उरलेल्यांना नाही. नोबेल-विजेते अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांनी सहकाऱ्यांसह या खर्चाचा परतावा दरसाल शेकडा ७ ते १० काढला. तो आकडा आपल्याकडे व्याख्यानांत वारंवार ऐकू येतो. तेथे सहाएक मुलांमागे एक शिक्षिका होती, ती पूर्ण प्रशिक्षित होती आणि दर आठवड्याला मुलाच्या घरी जाऊन आईबरोबर दीड तास घालवीत होती, हे मात्र त्या व्याख्यानांत राहून जाते. फिनलंडने तर १९९५ पासून बालशिक्षिकेचे शिक्षण विद्यापीठात नेले.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र चालविणारी विकासवाडी तेथे उभी राहिली. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा कुरणात नेऊ, म्हणून कुरणशाळा निघाली. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. त्यांच्यामागे अनुताईंनी १९९२ पर्यंत हे काम चालविले.

आता दिल्लीपर्यंत काय पोहोचले ते पाहू. अंगण पोहोचले, स्थानिक साधने पोहोचली, आहार व आरोग्याची मोलाची जोड मिळाली. शिक्षिका मात्र 'मानसेवी' झाली. तिला वेतन नाही, मानधन आहे, आणि त्याचा केंद्राने ठरविलेला दर २०१८ च्या वाढीनंतर महिना ४,५०० रुपये झाला. राज्ये आपली भर घालतात ती वेगळी. लसीकरणाच्या याद्या, वजनाच्या नोंदी, आहाराचा हिशेब सांभाळून उरलेल्या वेळेत तिने मुलांना शिकवावे, अशी ही व्यवस्था. भांडवलही स्वस्त आणि श्रमही स्वस्त, हे गणित बोर्डीचे नव्हे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावी झालेल्या सेविकेस सहा महिन्यांचा व इतरांस एक वर्षाचा अभ्यासक्रम सुचविला आहे, तोही बव्हंशी दूरशिक्षणाने. या सेविका ग्रॅच्युइटीस पात्र आहेत, हे सांगण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साल उजाडावे लागले.

या घडणीत ताराबाईंच्या पिढीचाही वाटा आहे, हे म्हटल्यावाचून राहवत नाही. त्यांच्या संस्था त्यागावर उभ्या होत्या. चळवळीच्या आरंभी त्याग लागतो. पण चौदा लाखांच्या घरातील केंद्रे त्यागावर चालविता येत नाहीत, आणि सेवाभावाची थोरवी गाणाऱ्या समाजाला पगार बुडविण्याची सोयिस्कर सबब मिळते. ताराबाईंनी पेशा उभारला, परंतु पेशाचा दर त्यांनी ठरविला नाही. तो ठरविण्याचे बळ कोणत्याही खासगी संस्थेत नव्हतेही.

धाराशिव जिल्ह्याला हा हिशेब दूरचा वाटू नये. ताराबाई भावनगर-दादरला अध्यापन मंदिरे काढीत होत्या तेव्हा हा मुलूख निजामी राजवटीत होता, आणि त्या लाटेपासून तो बराचसा अलिप्त राहिला. २०१८ साली केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत त्याचे नाव घातले. दसरा-दिवाळी झाली की भूम, परंडा, वाशी, कळंबकडील ऊसतोड कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात कारखान्यांवर जातात, आणि तीन ते सहा वर्षांची पोरे त्यांच्याबरोबर कोपीवर जातात. अंगणवाडी गावात राहते. मूल उसाच्या फडाच्या बांधावर असते. साखरशाळांचे प्रयोग झाले, पण ते मुख्यतः शालेय वयाच्या मुलांसाठी. मुलामागे कुरणापर्यंत गेलेली शाळा कोसबाडला होती, तशी या तीन-चार वर्षांच्या मुलांमागे फडापर्यंत जाणारी अंगणवाडी काढायची, तर तेथे ना इमारत असेल, ना कपाटभर साधने. पाचट, वाढे, माती आणि उसाची कांडी एवढेच हाताशी. तेवढ्यावर शिकवू शकणारी बाई किती वर्षांत घडते आणि तिला महिना काय द्यावे लागेल, हे आकडे जिल्ह्याच्या आराखड्यात मांडता येण्याजोगे आहेत.