जॉर्ज एलरी हेल

रात्रीं तारे कां लुकलुकतात, हा प्रश्न आमच्या बालवाचकांपैकीं पुष्कळांना पडला असेल. तारा स्थिरच असतो. त्याचे किरण ज्या हवेंतून येतात ती हवा मात्र स्थिर नसते. पेटलेल्या चुलीवरील हवेंतून पाहिलें असतां पलीकडची भिंत हालल्यासारखी दिसते, तसाच हा प्रकार होय. या हवेशीं ज्यांनीं जन्मभर झुंज घेतली, त्या अमेरिकन ज्योतिर्विदाचें अल्पचरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहों.

हेल यांचा जन्म २९ जून १८६८ रोजीं शिकागो शहरीं झाला. त्यांचे वडील लिफ्ट तयार करण्याचा धंदा करीत. मुलाची आवड पाहून त्यांनीं त्यास उपकरणें घेऊन दिलीं. १९०४ सालीं हेल यांनीं कॅलिफोर्नियांत मौंट विल्सन या डोंगरावर वेधशाळा स्थापिली. तेथें सूर्याचे वेध घेतांना, तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा प्रतिमा बिघडविते, असें त्यांस आढळलें. तेव्हां त्यांनीं ६० फूट उंचीचा मनोरा उभारून आरसे त्याच्या माथ्यावर नेले. आणि १९०८ सालीं सूर्यावरील डागांत चुंबकत्व असतें, हा महत्त्वाचा शोध लावला.

पुढें १०० इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण बांधण्याचें त्यांनीं मनावर घेतलें. फ्रान्सहून आलेल्या कांचेंत बुडबुडे राहिले होते. ती टाकाऊ ठरते कीं काय, ही धास्ती होतीच. त्यांतच अतिश्रमानें त्यांची प्रकृति ढासळली. तरीहि काम चालूं राहिलें.

१ नोव्हेंबर १९१७ च्या रात्रीं ही दुर्बीण प्रथमच गुरु ग्रहाकडे वळविण्यांत आली. पाहतात तों एका गुरूच्या जागीं एकावर एक पडलेल्या सहा-सात प्रतिमा! इतक्या वर्षांचे श्रम व एवढें द्रव्य पाण्यांत गेलें कीं काय? चौकशी करितां असें समजलें कीं, कामगारांनीं दिवसा घुमट उघडा ठेविल्यामुळें आरशावर ऊन पडलें होतें. तापलेल्या आरशाचा आकार किंचित् बिघडतो, आणि त्याच्या वरची हवाहि ढवळत राहते. दोष कांचेचा कीं उष्णतेचा, हें आरसा निवेपर्यंत ठरविणें शक्य नव्हतें. हेल विश्रांतीस गेले, पण त्यांना झोप येईना. उत्तररात्रीं ते परतले व दुर्बीण एका ताऱ्याकडे वळविली. तो तारा रेखीव बिंदूसारखा दिसला! याच दुर्बिणीनें १९२३ सालीं हबल यांनीं देवयानींतील तेजोमेघ ही आपल्या आकाशगंगेबाहेरील दुसरी आकाशगंगा आहे, हें दाखविणारा तारा शोधून काढला.

पुढें पालोमार डोंगरावरील २०० इंची दुर्बिणीसाठीं हेल यांनीं पुढाकार घेतला. तिच्या आरशास उष्णतेनें फारशी न प्रसरणारी कांच वापरली व घुमटास उष्णतारोधक अस्तर दिलें. २१ फेब्रुवारी १९३८ रोजीं हेल निवर्तले. १९४८ सालीं त्या दुर्बिणीस त्यांचेंच नांव देण्यांत आलें. आज मोठ्या वेधशाळांचे घुमट दिवसा थंड ठेवितात, आणि रात्रीं आंतली हवा बाहेरच्या हवेइतकीच गार राहावी म्हणून भिंतींतील झरोके उघडतात.

त्या रात्रीं कोणी उतावळेपणानें आरसाच सदोष ठरविला असता तर? परीक्षेंत वा व्यवहारांत पहिल्याच अपयशानें खचणाऱ्या आमच्या विद्यार्थिमित्रांनीं, व त्यांच्यावर लगेच दोष ठेवणाऱ्या वडीलधाऱ्यांनींहि, आरसा निवेपर्यंत थांबावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.