आईच्या मुखातील पुस्तक

पंडिता रमाबाईंचे नाव आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. केडगावचे मुक्ती मिशन व पवित्र शास्त्राचे त्यांनी केलेले भाषांतर यांविषयी आपण आदराने बोलतो. परंतु या विदुषीची पहिली शाळा कोणती, याचा विचार आपण क्वचितच करतो. ती शाळा म्हणजे तिच्या आईची कूस होय.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी तरुणपणी पेशव्यांच्या वाड्यात एका राजस्त्रीला संस्कृत पठण करताना ऐकले होते. आपल्या पत्नीलाही ही विद्या द्यावी, असा त्यांनी तेव्हाच निश्चय केला. स्त्रीने संस्कृत शिकणे त्या काळी अधर्म मानले जाई. पत्नी लक्ष्मीबाईंना शिकविल्याबद्दल त्यांनी लोकांचा रोष पत्करला, उडुपीच्या पंडितांपुढे शास्त्राधारे उत्तर दिले आणि वस्तीपासून दूर रानात संसार थाटला. लक्ष्मीबाईंना अक्षरे मिळाली ती अशी किंमत देऊन!

रमाबाई सहा महिन्यांच्या असतानाच कुटुंबाने तीर्थयात्रेची वाट धरली. त्यांचे बालपण देवळांच्या ओवऱ्यांत आणि धर्मशाळांत गेले. त्या शिकण्याच्या वयात आल्या, तेव्हा वडील वृद्ध झाले होते. म्हणून सुमारे आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत आईनेच त्यांना शिकविले. दिवस कामात सरे. उरे ती पहाट. झोपेने जडावलेल्या मुलीला कुशीत घेऊन, गोंजारून जागे करावे आणि उजाडेपर्यंत तिच्याकडून पाठ म्हणवून घ्यावेत, हा त्या माउलीचा नेम होता. मुलीच्या हाती पोथी नसे. आईचे मुख हेच तिचे पुस्तक. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंनी याच रीतीने मुखोद्गत केले.

पुढे दुष्काळ आला. १८७४ च्या सुमारास वडील, आई व थोरली बहीण एकापाठोपाठ निवर्तली. भावंडांजवळ धन उरले नाही, घर तर नव्हतेच. उरली ती आईवडिलांनी दिलेली विद्या. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. तो दिवस पाहण्यास आई नव्हती. परंतु कन्या तिला विसरली नाही. उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला आपला इंग्रजी ग्रंथ रमाबाईंनी आईच्याच स्मृतीस अर्पण केला.

१८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. नंतर अमेरिकेत त्यांनी फ्रोबेल यांच्या बालशिक्षणपद्धतीचा अभ्यास केला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. उत्तरायुष्यात हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणले. आयुष्याचा आरंभ संस्कृताने झालेल्या या पंडितेला, अल्पशिक्षित बाईलाही वाचता येईल आणि मुलांना वाचून दाखविता येईल, अशी भाषा हवी होती. ते काम पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

वाचकहो, मुलांसोबत वाचावयास वेळ मिळत नाही, असे आपण म्हणतो. लक्ष्मीबाईंजवळ वेळ नव्हता, स्थिर घर नव्हते, मुलीच्या हाती देण्यास पुस्तकही नव्हते. त्यांच्याजवळ एक पहाट होती आणि ती त्यांनी मुलीला दिली. आपल्या घरी पुस्तके आहेत, दिवा आहे. निजण्यापूर्वी दूरदर्शन व मोबाईल बाजूला ठेवून लेकराला जवळ घ्या. एकच पान वाचा. त्याला प्रश्न विचारू द्या. त्याच्या बोबड्या उच्चारांना हसू नका. त्याचे फळ आपल्याला पाहावयास मिळेल किंवा मिळणारही नाही. लक्ष्मीबाईंना ते मिळाले नाही. तरी त्यांनी पेरलेले वाया गेले नाही.