घोड्यांच्या डॉक्टरने चाकात हवा भरली: जॉन बॉइड डनलॉपची गोष्ट आणि तुमची कार्बन व्हील्स

रोड किंवा ग्रॅव्हल बाइकसाठी कार्बन व्हीलसेट शोधायला बसलं की स्क्रीनवर आधी काय येतं? रिम किती उंच, वजन किती ग्रॅम, हबचा आवाज कसा, आणि शेवटी किंमत. ती बघून बरेच जण फोन खाली ठेवतात. पण रस्त्यावर तुमचं वजन नेमकं कोण उचलतं, हे त्या यादीत कुठेच नसतं. ते काम करते टायरमधली हवा. कार्बनची रिम म्हणजे ती हवा नीट धरून ठेवणारं एक हलकं, मजबूत भांडं.

ही हवा सायकलच्या चाकात पहिल्यांदा यशस्वीपणे आणली ती जॉन बॉइड डनलॉपने. तो ना इंजिनिअर होता, ना सायकलवाला. तो घोड्यांवर उपचार करणारा डॉक्टर होता. त्याचं आयुष्य नीट समजून घेतलं, तर व्हील्स निवडताना कुठून सुरुवात करायची हेही आपोआप कळतं.

स्कॉटलंडहून बेलफास्टला

डनलॉपचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न गावात झाला. एडिंबरोमध्ये पशुवैद्यकाचं शिक्षण घेऊन तो १९ व्या वर्षीच डॉक्टर झाला. १८६७ मध्ये तो आयर्लंडला गेला. आधी डाउनपॅट्रिकमध्ये भावासोबत दवाखाना चालवला आणि मग बेलफास्टमध्ये मोठा जम बसवला. तेव्हा शहराची सगळी वाहतूक घोड्यांवर चालायची, त्यामुळे अशा डॉक्टरला कामाची कमी नव्हती.

रबर हाताळायची त्याला सवय होती. आणि रोज गाडीत बसून दगडी रस्त्यांवरून फिरताना कंबरेचं काय होतं, हेही तो अनुभवत होताच. सायकलींना तेव्हा भरीव रबराचे टायर असत. म्हणजे लोखंडी चाकावर रबराची एक पट्टी. प्रत्येक दगडाचा धक्का थेट हाडांपर्यंत.

अंगणातली टेस्ट

१८८७ च्या ऑक्टोबरमध्ये डनलॉप ४७ वर्षांचा होता. त्याचा लहान मुलगा जॉनी याच्याकडे तीनचाकी सायकल होती आणि बेलफास्टच्या रस्त्यांवर ती भयंकर हादरायची. बापाने उपाय शोधायला घेतला.

त्याने सुमारे ४० सेंटिमीटर व्यासाची लाकडी चकती घेतली. पातळ रबराच्या पत्र्यापासून नळी बनवली, ती चकतीभोवती बसवून वरून कापड गुंडाळलं आणि खिळ्यांनी ठोकलं. फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. मग जॉनीच्या सायकलचं भरीव टायरवालं चाक काढलं आणि दोन्ही आळीपाळीने अंगणात घरंगळत सोडली. भरीव टायरवालं चाक अंगण ओलांडायच्या आधीच थांबलं. हवेची चकती मात्र पार पलीकडे गेली आणि दाराला आपटून परत उसळली. आपल्या भाषेत ही साधी ए-बी टेस्ट होती: अंगण तेच, ढकलणारा हात तोच, बदललं फक्त टायर.

असं का झालं? भरीव टायर दगडावरून जाताना अख्खं चाक वर उचललं जातं. ते उचलायला लागलेली ऊर्जा वेगातून वजा होते. हवेच्या टायरमध्ये दगडाजवळचा छोटासा भाग आत दबतो आणि लगेच पूर्ववत होतो, बाकीचं चाक सरळ पुढे जातं. सायकलवर माणूस बसला की हा फरक आणखी वाढतो. कारण हादरणारं शरीरही तुमच्याच पायांनी मिळवलेली ऊर्जा खात असतं.

२८ फेब्रुवारी १८८८ च्या रात्री हवेचे टायर लावलेली सायकल जॉनीने पहिल्यांदा चालवली. २३ जुलैला डनलॉपने पेटंटसाठी अर्ज केला आणि ७ डिसेंबर १८८८ ला ते मिळालं.

आधी हसले, मग हरले

नवीन टायर जाड होता. तो नेहमीच्या सायकलच्या फोर्कमध्ये मावायचाच नाही! म्हणून बेलफास्टच्या एडलिन कंपनीने खास रुंद जागा ठेवलेल्या सायकली बनवायला घेतल्या. आज आपण ज्याला टायर क्लिअरन्स म्हणतो, तो प्रश्न असा पहिल्या दिवसापासूनचा आहे.

विली ह्यूम नावाच्या स्थानिक रेसरने अशी एक सायकल घेतली. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर तो ती घेऊन उतरला, तेव्हा त्या गुबगुबीत टायरची लोकांनी यथेच्छ टिंगल केली. ह्यूमने त्या दिवशी सायकलींच्या चारही शर्यती जिंकल्या. नंतर लिव्हरपूलला जाऊन तिथेही जवळपास सगळ्या जिंकल्या.

ही गंमत आजही संपलेली नाही. कित्येक वर्षं रोड रेसर २३ मिमीचे बारीक टायर दगडासारखे कडक फुगवायचे. सायकल थरथरली की ती वेगात आहे असं वाटतं, त्याचा हा परिणाम. आता व्यावसायिक रेसर २८ ते ३० मिमीचे टायर कमी हवेवर चालवतात, कारण खऱ्याखुऱ्या रस्त्यावर तेच वेगवान ठरतात. ह्यूमने हे १८८९ मध्येच दाखवलं होतं.

पेटंट हातातून गेलं

ह्यूमच्या विजयांमुळे डब्लिनचा उद्योगपती हार्वी ड्यू क्रो याचं लक्ष वेधलं गेलं. त्याची मुलं स्वतः सायकल रेसर होती. १८८९ मध्येच डब्लिनमध्ये कंपनी उभी राहिली. डनलॉपने पेटंट कंपनीला दिलं. सगळं सुरळीत चाललं होतं आणि दोनेक वर्षांत बॉम्ब पडला: पेटंट रद्द.

कारण? रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या दुसऱ्या एका स्कॉटिश माणसाने हवेच्या टायरचं पेटंट १८४५ मध्येच घेतलं होतं. तेव्हा तो अवघा २३ वर्षांचा होता. त्याने घोडागाडीच्या चाकांना असे टायर लावून लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये प्रात्यक्षिकही दाखवलं होतं. पण तेव्हा ना सायकल होती, ना चांगलं पातळ रबर सहज मिळायचं. कल्पना विसरली गेली. डनलॉपला तिचा पत्ताच नव्हता, पण पेटंटच्या कायद्यात आधी कोणी केलं हे मोजलं जातं.

आता कंपनीकडे उरलं काय? हवेच्या टायरवर मक्तेदारी नाही, आणि मूळ डिझाइनमध्ये एक मोठी अडचण. डनलॉपचा टायर रिमला चिकटवून, कापडाने बांधून टाकलेला असायचा. पंक्चर काढायचं म्हणजे ते सगळं उलगडायचं आणि पुन्हा चिकटवायचं. हवा सापडली होती, पण तिला बसायला नीट जागा नव्हती.

हुक की हुकलेस? हा वाद १८९० पासूनचा

ती जागा दुसऱ्यांनी शोधली. १८९० मध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च याने टायरच्या दोन्ही कडांमध्ये न ताणणारी तार घातली आणि रिमच्या मध्यभागी खोलगट चर ठेवला. टायरची एक बाजू चरात ढकलली की दुसऱ्या बाजूला सैलपणा मिळतो आणि टायर रिमवर चढतो. हवा भरली की तार कडेला घट्ट बसते. त्याच वर्षी विल्यम बार्टलेटने दुसरी युक्ती काढली: रिमच्या कडा आत वळवायच्या आणि टायरची कड त्यांत अडकवायची. कंपनीने शहाणपणाने वेल्चचं पेटंट विकत घेतलं आणि खरं तर त्यावरच ती तगली.

आजच्या कार्बन रिमचा कट बघा, हे दोघं तिथे बसलेले दिसतील. मधला खोलगट चर आणि टायरची न ताणणारी कड, जिला आपण बीड म्हणतो, ही वेल्चची कल्पना. आत वळलेल्या कडा म्हणजे हुक, ही बार्टलेटची. हुकलेस रिममध्ये कड सरळ असते आणि टायर जागेवर राहतो तो बीड व रिम यांच्या अचूक मापावर. अशी रिम बनवायला सोपी आणि कडेला मजबूत असते, पण माप आणि दाबात तिथे चूक खपत नाही. २०२४ च्या यूएई टूरमध्ये एका रेसरचा टायर हुकलेस रिमवरून सुटला आणि तो पडला, तेव्हा हा वाद पुन्हा पेटला.

टायर काढता-घालता येण्याचं महत्त्व लगेचच दिसलं. १८९१ मध्ये पहिली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यत झाली, सुमारे १२०० किलोमीटरची. बीआरएम करणाऱ्यांना हे नाव चांगलंच माहीत असेल. ती जिंकली शार्ल तेराँने, मिशलँच्या काढता येणाऱ्या टायरवर. दुसरा आलेला जिएल-लावाल डनलॉप टायरवर होता.

आणखी एक गंमत. आपल्या साध्या सायकलच्या ट्यूबला जो व्हॉल्व्ह असतो, बारीक रबरी वालट्यूबवाला, त्याला डनलॉप व्हॉल्व्ह म्हणतात. तोही डनलॉपने बनवलेला नाही. तो वुड्स नावाच्या माणसाचा, १८९१ चा.

नाव मोठं झालं, माणूस बाजूला राहिला

१८९५ मध्ये डनलॉप कंपनीतून बाहेर पडला. पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, अर्नेस्ट हूली नावाच्या सटोडियाने कंपनी ३० लाख पौंडांना घेतली आणि ५० लाख पौंडांना बाजारात आणली. या पैशांच्या पावसात डनलॉप नव्हता. तो डब्लिनमध्ये राहिला आणि तिथल्या एका कापडाच्या दुकानाच्या कारभारात लक्ष घालत राहिला. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिनमध्येच त्याचं निधन झालं.

त्याचं नाव मात्र जगभर फिरलं. भारतात १९३६ मध्ये बंगालमधल्या साहागंजला डनलॉपचा टायर कारखाना सुरू झाला. उत्तर आयर्लंडच्या १० पौंडांच्या नोटेवर त्याचा चेहरा छापला गेला. थॉमसन, वेल्च, बार्टलेट, वुड्स ही नावं फारशी कुणाला माहीत नाहीत. पण डनलॉपचं श्रेयही कमी होत नाही. हवेचं चाक खरंच चांगलं पळतं हे त्याने मोजून पाहिलं आणि ते रस्त्यावर आणलं.

मग कार्बन व्हील्स कशी निवडायची?

डनलॉपने टायरपासून सुरुवात केली होती. तुम्हीही तसंच करा. क्रम असा ठेवा:

१. आधी टायर ठरवा. चांगल्या डांबरी रस्त्यासाठी २८ ते ३२ मिमी, कच्च्या रस्त्यासाठी ४० मिमी किंवा जास्त. खड्डे आणि खडी रोजचीच असेल तर रुंदीत कंजुषी नको.

२. मग फ्रेम तपासा. कंपनीने कमाल किती मिमीचा टायर सांगितला आहे ते बघा. रुंद रिमवर तोच टायर आणखी फुगतो. छापलेल्या आकड्यावर विसंबू नका, हवा भरून प्रत्यक्ष मोजा.

३. मग रिमची आतली रुंदी. आजच्या रोड कार्बन रिम साधारण २१ ते २५ मिमीच्या असतात, ग्रॅव्हलच्या त्याहून थोड्या रुंद. तुमचा टायर त्या रुंदीला चालतो का, हे रिम आणि टायर अशा दोन्ही कंपन्यांच्या तक्त्यात बघा.

४. हुकलेस असेल तर नियम पाळा. टायर हुकलेससाठी मान्य असलेला ट्यूबलेसच हवा. दाब कमाल ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय. रिम आणि टायर यांवर वेगवेगळी मर्यादा असेल तर कमी असलेली पाळा. वजन जास्त आहे म्हणून जास्त हवा लागते? मग रुंद टायर किंवा हुकवाली रिम घ्या.

५. बाकीची जोडणी जुळते का? थ्रू अ‍ॅक्सल बहुतेक पुढे १२×१०० आणि मागे १२×१४२ मिमी असतो, पण खात्री करा. फ्रीहब तुमच्या कॅसेटचाच हवा. डिस्क सेंटरलॉक की सहा बोल्टची, तेही बघा.

६. रिमची उंची आणि वजन सगळ्यात शेवटी. उंच रिम सपाट रस्त्यावर वेग देते, पण आडव्या वाऱ्यात पुढचं चाक ओढलं जातं. रिम उंच तर व्हॉल्व्हही लांब लागतो.

टायर बसवताना वेल्चचा चर आठवा. ट्यूबलेस टेप रिमच्या आतल्या बाजूला कडेपासून कडेपर्यंत नीट चिकटलेली हवी. टायर व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने चढवायला सुरुवात करा आणि व्हॉल्व्हजवळ संपवा. चढवताना बीड मधल्या चरात ढकलत राहा, म्हणजे शेवटचा टप्पा हातानेच जातो. लोखंडी लिव्हर वापरू नका, कार्बनची कड दुखावते. कडांना साबणाचं पाणी लावा. हवा भरताना टक टक आवाज येऊन बीड जागेवर बसतो. टायरवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. मग सीलंट घाला, चाक फिरवा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी हवा टिकली असेल तरच बाहेर काढा.

बजेट कमी असेल तर आहे त्याच अ‍ॅल्युमिनियम रिमवर, फ्रेममध्ये बसेल तेवढा रुंद आणि चांगला टायर घाला आणि गेजने मोजून हवा भरा. जॉनीच्या सायकलवर बापाने नेमकं हेच केलं होतं: सायकल तीच ठेवली, टायर बदलला.