अन्नाचा उपासक : पांडुरंग खानखोजे

वाशीम जिल्ह्यातील आसेगावच्या शिवारात दुपारी शेतकऱ्याने शिदोरी सोडली, की तीत भाकरी असते, तुरीच्या डाळीचे वरण असते आणि मिरचीचा ठेचा असतो. तूर ही आपल्या देशात फार प्राचीन काळापासून पिकत आली आहे. परंतु मिरची ही मूळची इकडची नव्हे, हे किती जणांस ठाऊक असेल? मिरची व मका ही दोन्ही पिके सुमारे चार-पाचशे वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून भारतात आली. त्यांचे माहेर म्हणजे अमेरिका खंडातील मेक्सिको देश. त्या माहेरी जाऊन तेथील शेतकऱ्यांसाठी मक्याची नवी वाणे तयार करणारा एक पुरुष याच विदर्भाच्या मातीत जन्माला आला होता. त्याचे नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे.

पांडुरंगांचा जन्म इ. स. १८८४ मध्ये वर्धा येथे झाला. ते बारा-तेरा वर्षांचे असताना, म्हणजे १८९६-९७ साली, मध्य प्रांत व वऱ्हाड या मुलखांवर भयंकर दुष्काळ कोसळला. त्यातून माणसे सावरतात न सावरतात तोच १८९९-१९०० साली दुसरा दुष्काळ आला. पाऊस पडला नाही, शेते उघडी पडली, कणग्या रिकाम्या झाल्या आणि धान्याचे भाव गरिबांच्या आवाक्याबाहेर गेले. असंख्य माणसे व गुरे अन्नावाचून मरण पावली. अन्न नाही म्हणजे काय, हे त्या काळच्या मुलांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

देश पारतंत्र्यात होता. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारलेल्या पांडुरंगांनी ऐन तारुण्यात घर सोडले आणि ते जपानमार्गे अमेरिकेस गेले. त्यांच्या मनात दोन विद्या शिकण्याची ओढ होती. एक युद्धाची आणि दुसरी शेतीची. सैनिकी शिक्षण घेत असतानाच ओरेगॉन व वॉशिंग्टन या संस्थानांतील महाविद्यालयांत त्यांनी कृषिशास्त्राचा अभ्यास केला. भारताला स्वतंत्र करण्यासाठी १९१३ साली अमेरिकेत जो गदर पक्ष स्थापन झाला, त्याच्या संस्थापकांत त्यांची गणना होते.

पहिले महायुद्ध सुरू होताच पांडुरंग इराणमध्ये जाऊन इंग्रजांविरुद्ध लढले. ते जखमी झाले, पकडले गेले, निसटले. पुढे काही काळ ते बर्लिन व मॉस्को येथे राहिले. मायदेशाचे दरवाजे त्यांना बंद होते, कारण इंग्रज सरकारच्या लेखी ते राजद्रोही होते. अखेर १९२४ साली ते मेक्सिकोत पोहोचले. जवळ धन नव्हते, सैन्य नव्हते; होती ती केवळ शेतीची विद्या. याच विद्येने त्यांना परक्या देशात आसरा दिला.

मेक्सिकोतही नुकतीच मोठी क्रांती होऊन गेली होती. जमीनदारांच्या अफाट जमिनी शेतकऱ्यांना वाटून देण्याचे काम चालू होते. परंतु जमीन मिळाली म्हणजे पोट भरले असे नव्हे. चांगले बी, खताची जाण आणि पेरणीचे ज्ञान नसेल, तर हाती आलेली जमीनही उपाशीच ठेवते. चापिंगो येथे एका जुन्या जमीनदारी वाड्यात राष्ट्रीय कृषिविद्यालय भरत असे. तेथे पांडुरंग अध्यापक झाले आणि त्यांनी आपले लक्ष मक्याकडे वळविले.

मक्याचे झाड आपण सर्वांनी पाहिलेले असते. त्याच्या शेंड्यावर तुरा असतो आणि मधल्या पेऱ्यांपाशी कणीस धरते. तुऱ्यातील पराग वाऱ्याबरोबर उडून कणसाच्या रेशमासारख्या केसांवर पडतात. कणसाचा एकेक केस आत एकेका दाण्याशी जोडलेला असतो. ज्या केसाला पराग मिळत नाही, त्याचा दाणा भरत नाही. म्हणून एखाद्या जातीच्या तुऱ्यातील पराग दुसऱ्या जातीच्या कणसावर हाताने घातले, तर दोन्ही जातींचे गुण असलेले नवे बी मिळू शकते. यालाच संकर म्हणतात.

मेक्सिकोत तेओसिंते नावाचे एक रानटी गवत उगवते. त्याच्या बारीक कणसात जेमतेम पाच ते बारा दाणे असतात आणि प्रत्येक दाण्यावर टणक कवच असते. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तेथील शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या चांगले दाणे निवडून व पेरून याच गवतातून मका घडविला, असे आता शास्त्रज्ञांस निश्चितपणे समजले आहे. पांडुरंगांनी या रानटी पूर्वजाचा मक्याशी पुन्हा संकर केला आणि नवी वाणे तयार करण्यासाठी परिश्रम घेतले. गव्हावरही त्यांनी संशोधन केले.

परंतु प्रयोगशाळेतील बी शेतकऱ्याच्या शेतात पोहोचले नाही, तर त्याचा उपयोग काय? म्हणून १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पांडुरंगांनी खेड्यापाड्यांतून मुक्त कृषिशाळा उघडल्या. तेथे शुल्क नव्हते आणि शेत हाच वर्ग होता. ज्यांना आजवर कोणी शाळेची पायरी चढू दिली नव्हती, ते शेतकरी तेथे बियाणे, माती व पीक यांचे शास्त्र शिकू लागले. टीना मोदोत्ती या विख्यात छायाचित्रकर्तीने त्यांच्या या कार्याची छायाचित्रे घेतली.

त्या शेतकऱ्यांजवळही परंपरेने आलेले मोठे शहाणपण होते. ते एकाच शेतात मका, घेवडा व भोपळा लावीत. मक्याच्या ताटाचा आधार घेऊन घेवड्याचा वेल वर चढे. घेवड्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जीव हवेतील नत्र धरून जमिनीचा कस वाढवीत. भोपळ्याची रुंद पाने माती झाकून तिच्यातील ओल टिकवीत. आपला वऱ्हाडी शेतकरी कपाशीत तुरीचे तास घालतो, ते याच जातीचे शहाणपण होय.

शेतातील ही सोबत पुढे ताटातही चालू राहते. हिरवे पान सूर्यप्रकाशाच्या बळावर हवा व पाणी यांपासून अन्न तयार करते. झाड ते अन्न दाण्यात साठविते, ते खरे तर आपल्या बीजांकुरासाठी. तोच दाणा आपण खातो. मक्यातील किंवा ज्वारीतील पिष्टमय पदार्थ आपल्याला चालण्याची, धावण्याची व काम करण्याची शक्ती देतात. शरीराची वाढ व झीज भरून काढणे हे काम प्रथिनांचे. धान्यातील प्रथिनांत जे उणे असते ते डाळीत मिळते आणि डाळीत जे उणे ते धान्यात. म्हणून मेक्सिकोतील मक्याची पोळी व घेवडा आणि आसेगावची भाकरी व वरण ही एकाच नियमाची दोन रूपे आहेत. हजारो कोसांच्या अंतरावरील दोन शेतकऱ्यांनी तो नियम अनुभवानेच जाणला.

त्या काळी दिएगो रिवेरा हा मेक्सिकोचा थोर चित्रकार भिंतींवर भव्य चित्रे रंगवीत होता. मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या इमारतीत त्याने काढलेल्या एका चित्रात नाना वंशांची माणसे एका मेजाभोवती बसली आहेत आणि मध्यभागी एक पुरुष सर्वांना भाकरी मोडून देत आहे. हा पुरुष म्हणजे पांडुरंग खानखोजे असे मानले जाते. तलवार हाती घेऊन निघालेल्या क्रांतिकारकाला चित्रकाराने भाकरी वाटताना दाखविले, यात मोठा अर्थ आहे.

१९३६ साली पांडुरंगांनी जाँ सिंदिक या बेल्जियन महिलेशी विवाह केला. त्यांना दोन कन्या झाल्या. भारत १९४७ साली स्वतंत्र झाला, तरी परकीय राजवटीच्या जुन्या काळ्या यादीतून त्यांचे नाव निघालेले नव्हते. ज्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी घरदार सोडले, त्याच स्वतंत्र देशात येताना त्यांच्या वाटेत अडथळे उभे राहिले. पुढे ते परतले आणि नागपूर येथे स्थायिक झाले. तेथेच २२ जानेवारी १९६७ रोजी त्यांनी देह ठेवला. २०२२ साली चापिंगोच्या कृषिविद्यापीठात त्यांचा पुतळा उभारण्यात आला.

पांडुरंगांनी लढाईची विद्या शिकली आणि शेतीचीही. रणांगणात त्यांना यश आले नाही. परंतु शेतीची विद्या ज्या मातीत नेली, तेथे ती रुजली. परक्याच्या सत्तेतून मुक्त झालेला माणूस भुकेच्या सत्तेखाली राहिला, तर तो पुरता स्वतंत्र झाला असे म्हणता येत नाही. हे ओळखून ज्याने बी आणि ज्ञान ही दोन्ही विनामूल्य वाटली, त्या पुरुषाचे स्मरण प्रत्येक घासाबरोबर व्हावे, असेच आहे.