मंत्राचा अर्थ सांगा: सयाजीरावांचा पुरोहितांसाठी कायदा

बडोद्याच्या दक्षिणेचं, मकरपुऱ्याकडचं तरसाली आता शहरातच जमा झालंय. तिथल्या मराठी घरात वास्तुशांत निघाली की पहिला प्रश्न ठरलेला: गुरुजी मराठी आणायचे की गुजराती? मग दुसरा: पूजा आपल्या पद्धतीनं की इथल्या? गुरुजी जे म्हणतात त्याचा अर्थ काय, हा तिसरा प्रश्न मात्र सहसा कुणी काढत नाही. मुहूर्त टळायला नको ना! याच तिसऱ्या प्रश्नासाठी शंभर वर्षांपूर्वी बडोद्याच्या राजानं कायदा केला होता.

सयाजीराव मूळचे आपल्याकडचेच. मालेगावजवळच्या कवळाण्यात १८६३ साली जन्म, नाव गोपाळ, घर शेतकऱ्याचं. मल्हाररावांना इंग्रजांनी पदच्युत केल्यावर महाराणी जमनाबाईंनी २७ मे १८७५ रोजी या बारा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतलं. १८८१ च्या डिसेंबरात कारभार हाती आला. सक्तीचं शिक्षण, ग्रंथालयं, कलाभवन हे सगळं वाचकांना माहीत आहे, ते इथं उगाळत नाही.

राजा झाला तरी देवघरात त्याची पायरी ठरलेलीच होती. तेव्हाचा हिशोब असा, की वेदातले मंत्र ब्राह्मणांसाठी, बाकीच्यांना पुराणातले श्लोक. मराठे क्षत्रिय नाहीत असं धरलं, की राजवाड्यातली पूजासुद्धा पुराणोक्तच. गादी, हत्ती, तोफा सगळं असून संकल्प मात्र खालच्या पायरीवरचा. १८९६ साली सयाजीरावांनी राजवाड्यातली धर्मकृत्यं वेदोक्त पद्धतीनं सुरू करवली. विरोध झाला, पण ते मागे हटले नाहीत. कोल्हापुरात शाहू महाराजांचं वेदोक्त प्रकरण पेटलं ते यानंतर, १८९९ पासून.

इथं एक गोष्ट स्पष्ट बोललं पाहिजे. आम्ही क्षत्रिय, म्हणून वेद आमचे, हा युक्तिवाद शेवटी जुन्या नियमाच्या आतलाच होता. भिंत तशीच राहिली, फक्त राजघराणं पलीकडे गेलं. जोतीराव फुल्यांचा रस्ता वेगळा होता. त्यांच्या सत्यशोधक समाजानं भटजीशिवाय लग्नं लावली. सयाजीरावांना फुल्यांबद्दल आदर होता, 'शेतकऱ्याचा असूड' मधला काही भाग फुल्यांनी त्यांना वाचून दाखवला होता. पण पुरोहिताला काढून टाकणं या राजाच्या स्वभावात नव्हतं. त्याला पुरोहित शिकलेला हवा होता.

आधी हात घातला तो दक्षिणेला. श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटायची बडोद्याची जुनी रीत होती. ती परीक्षेला जोडली: विद्या दाखवा, मग दक्षिणा घ्या. आणि १९१५ साली आला हिंदू पुरोहितांचा कायदा. ज्याला पौरोहित्य करायचंय त्यानं परीक्षा पास व्हावी आणि विधीचा अर्थ यजमानाला त्याच्या भाषेत सांगावा. बडोदा संस्थानात प्रजा बहुतेक गुजराती, दरबार मराठी आणि मंत्र संस्कृत, तेव्हा यजमानाच्या भाषेत सांगायचं म्हणजे काय, ते समजून घ्या.

विरोधकांचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं नाही. सरकारनं देवघरात का शिरावं? कर्मठपणा मोडायला निघालेला राजाच नवा नियम घालतो, ही विसंगती आहेच. गुरुजीला अर्थ सांगायला कायद्यानं भाग पाडता येईल, यजमानाला तो ऐकायला कोण लावणार? तरीही मला वाटतं, राजाची बाजू जड होती. जो संकल्प माझ्या नावानं सोडला जातो तो मला कळावा, ही मागणी साधी आहे.

दुसऱ्या टोकाचाही धोका होता. सगळे धर्म सारखेच, मग कशाचाच विचार कशाला करायचा, अशी एक आळशी उदारता असते. सयाजीराव त्या वाटेला गेले नाहीत. बडोदा कॉलेजात त्यांनी धर्मांच्या तौलनिक अभ्यासासाठी अध्यापक नेमला. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये तोच अभ्यास करायला ऑक्सफर्डला निघाले, तेव्हा प्रवासखर्चाला मदत बडोद्याची झाली. पाली 'दीघनिकाय' मराठीत आणवला. १९३३ मध्ये, विवेकानंदांनंतर चाळीस वर्षांनी, शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत ते स्वतः बोलले. पण धर्म तपासून घ्यायचा, हा हट्ट कायम. घटस्फोटाचा कायदा १९३१ चा, तोही त्याच हट्टातला.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत ते गेले. पूर्वजांच्या स्मरणासाठी त्यांनी बडोद्यात बांधलेल्या कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत. तरसालीहून रिक्षा करून जाता येतं, बघून या. एका भिंतीवर मीराबाई आहे. दुसऱ्या भिंतीवर टागोरांच्या 'नटीर पूजा' या नाटकाची गोष्ट आहे: राजानं बुद्धाची पूजा बंद केलेली असते, स्तूपासमोर नाचायचा हुकूम होतो, आणि नर्तकी श्रीमती त्या नाचातच पूजा करते. तिला तिथंच मारलं जातं.