इंग्रजी सहावीत अडकलेला पोरगा ‘कर्मवीर’ कसा झाला?

मे महिना आला की वसई-विरारच्या घराघरांत एकच विषय निघतो. पोरगा दिवसभर मोबाईलमध्ये, कुणाचं ऐकत नाही, याला कुठेतरी कामाला लावा! शंभराहून जास्त वर्षांपूर्वी असंच एक ‘हाताबाहेर गेलेलं’ पोर होतं. पुढे त्यानेच महाराष्ट्राला ‘कमवा आणि शिका’ शिकवलं. हे पोर म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूरजवळच्या कुंभोजचा. वडील पायगोंडा महसूल खात्यात नोकरीला. पोरगा अंगाने दणकट, स्वभावाने बंडखोर. गावच्या विहिरीवर अस्पृश्यांना पाणी भरू देत नाहीत हे बघून त्याने विहिरीचा रहाटच मोडून टाकला होता, असं सांगतात.

शिकायला कोल्हापूरला राजाराम हायस्कूलमध्ये घातलं, राहायला जैन बोर्डिंग. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेला आणि परत आल्यावर अंघोळ करायला नकार दिला, म्हणून बोर्डिंगमधून काढलं. मग शाहू महाराजांनी आसरा दिला. पण अभ्यासात गाडी इंग्रजी सहावीत, म्हणजे मॅट्रिकच्या एक पायरी आधीच अडली. याला वर घाला म्हणून महाराजांनी शब्द टाकला, तर गणिताचे मास्तर म्हणाले की एकवेळ याच्या बाकाला पास करेन, पण याला नाही. हा किस्सा आजही सांगितला जातो.

शिक्षण सुटलं, हाताला काम नाही, वडील नाराज. शेवटी भाऊरावांनी सातारा गाठलं आणि शिकवण्या सुरू केल्या. स्वतः नापास झालेला पोरगा आता ‘पाटील मास्तर’ झाला. कालपर्यंत दुसरे त्याची काळजी करत होते, आता दुसऱ्यांची पोरं पास होणं त्याच्यावर अवलंबून होतं. रोज वेळेवर जायचं, स्वतः आधी समजून घ्यायचं, मगच फी हातात.

पुढे त्यांनी ओगले काच कारखान्याच्या मालाची आणि किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री केली. त्यासाठी गावोगाव फिरताना दिसलं की शेतकऱ्याची पोरं हुशार आहेत, पण शाळेला पैसा नाही.

म्हणून ४ ऑक्टोबर १९१९ ला कराड तालुक्यातल्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू झाली. १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह निघालं. तिथे सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, स्वयंपाकापासून शेतीपर्यंत सगळी कामं स्वतः करायची. पैसा संपला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. १९४० ला साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं. फी परवडत नाही? मग काम कर आणि शीक.

इथे एक फरक लक्षात घ्या. भाऊरावांकडे काम ही वाया गेलेल्या पोराची शिक्षा नव्हती. कामामुळे शाळा सुटायची नाही, उलट कामामुळे शाळा टिकायची. आजचा कायदाही चौदा वर्षांखालच्या मुलांना नोकरीवर ठेवू देत नाही. सुट्टीत घरच्या धंद्यात हातभार लावायला मात्र हरकत नाही, तो धंदा धोक्याचा नसेल तर.

१९५९ ला भाऊरावांना पद्मभूषण मिळालं आणि त्याच वर्षी ९ मे ला ते गेले. आज पुणे विद्यापीठाची ‘कमवा आणि शिका’ योजना त्यांच्या नावाने चालते. आपल्या पालघर जिल्ह्यात मोखाड्यालाही ‘रयत’चं कॉलेज आहे.

तेव्हा यंदा पोराला कामाला लावायचं असेल तर जरूर लावा. फक्त त्याच्यावर कुणीतरी अवलंबून आहे, असं काम द्या.